एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम: गोळी चांगली आहे, पण आधी ईसीजी काढून घ्या

साधा मिक्सर घ्यायचा असला तरी आपण ढीगभर रिव्ह्यू वाचतो, आणि जी गोळी घरातलं माणूस महिनोन्महिने रोज घेणार तिच्याबद्दल मराठीत शोधायला गेलं की दोनच प्रकार सापडतात, एक म्हणजे "ही गोळी घेतली की हार्ट बंद पडतं, सगळ्यांना पाठवा" टाइप फॉरवर्ड आणि दुसरं म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाचं मशीनने केलेलं भाषांतर, ज्यातलं एक वाक्य कळलं तर शपथ. म्हणून डिप्रेशनसाठी देतात त्या एसिटालोप्रामचा हा रिव्ह्यू. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण हे मूळ औषध कितीतरी कंपन्या बनवतात आणि माझं जे म्हणणं आहे ते सगळ्यांनाच लागू आहे. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते, पण आईच्या निमित्ताने या गोळीचं आणि हृदयाच्या ठोक्यांचं काय नातं आहे ते बऱ्यापैकी खोलात जाऊन बघावं लागलं, आणि शेवटी जे दोन डॉक्टर मिळाले ते प्रश्न विचारले तर वैतागणारे नव्हते हे आमचं नशीब.

आई अडुसष्टची, ठाण्यात आमच्याकडेच असते. बाबा गेल्यावर सहा-आठ महिने आम्हाला वाटलं की दुःख आहे, होईल कमी. पण ती जेवेना, पहाटे तीनला उठून बसायची, भजनी मंडळात जाणं बंद, शेजारच्या काकू हळदीकुंकवाला बोलवायला आल्या तर आतून सांगायची की "सांग झोपलीये म्हणून". फॅमिली डॉक्टरांनी बघून एसिटालोप्राम ५ ने सुरू करून १० वर नेली. पहिले दहा-बारा दिवस मळमळ, हातापायात एक प्रकारची बेचैनी, झोप आणखीनच उडाली, आणि रोजचं पालुपद "या डोक्याच्या गोळ्या मला नको". हे माहीत असू द्या, सुरुवातीला थोडं वाईटच वाटतं आणि बरेच लोक नेमकं तिथेच सोडून देतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात कधीतरी रविवारी जेवताना ती म्हणाली "आमटीत गूळ कमी पडलाय गं, आणि गोडा मसाला कुठला आणलास हा?" त्या घरात इतक्या महिन्यांत कुणी कशाला नावं ठेवली नव्हती. मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघितलं, म्हटलं चला, लागू पडली गोळी.

तर गोळीचं मूळ काम, त्याला माझ्याकडून पूर्ण मार्क. महागही नाही, जेनेरिक घेतली तर आणखीनच स्वस्त पडते, आईला तरी गुंगी आली नाही, दिवसातून एकदाच घ्यायची. पॅकिंगबद्दल मात्र बोलायलाच हवं. आपल्याकडे केमिस्ट खोक्यातून स्ट्रिप काढतो, पंधरा हव्या असतील तर कात्रीने एक स्ट्रिप अर्धी कापतो, कापताना एक्स्पायरीची तारीख बरोबर त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते, आणि ज्या कागदावर साइड इफेक्ट लिहिलेले असतात तो बारीक घडीचा कागद खोक्यात असलाच तर तिथेच राहतो आणि खोक्याबरोबर कचऱ्यात जातो. म्हणजे ज्याच्यासाठी छापला त्याच्या हातात तो कधी येतच नाही. आमच्या केमिस्टकडे मी हट्टाने मागून घेतला, दादा आधी हसला, मग शोधून दिला. त्यात ठोक्यांबद्दल स्पष्ट लिहिलंय, फक्त भिंगाशिवाय वाचता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. गोळी सुरू करताना कुणीही ईसीजी काढला नाही. बीपी बघितलं, वजन बघितलं, झालं. पुढे दोन-तीन महिन्यांनी आईला मधूनमधून छातीत धडधड व्हायला लागली आणि एकदा देवघरापुढून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा मी तिला घराजवळच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये नेलं. सेंटर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आई जिना चढून धापा टाकतच आत गेली, लगेच टेबलावर झोपवलं, गार जेली लावली, रबरी कप छातीवर चिकटवले, दोन मिनिटांत कागद बाहेर. टेक्निशियन मुलगी म्हणाली "नॉर्मल वाटतोय" आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मशीनने स्वतः छापलं होतं "प्रोलॉन्ग्ड क्यूटी", खाली क्यूटीसी ४८६. मी विचारलं हे काय, तर म्हणे "ते मशीन असंच लिहितं, डॉक्टरांना दाखवा". सही करणारे डॉक्टर त्या वेळी तिथे नव्हते, रिपोर्टवर सही आधीच छापलेली होती. या सेंटरला एक स्टार, तोही मशीन चालू होतं म्हणून.

क्यूटी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ईसीजीच्या गुलाबी कागदावर बारीक चौकोन असतात, नेहमीच्या स्पीडला एक छोटा चौकोन म्हणजे ४० मिलीसेकंद आणि पाच छोट्यांचा एक मोठा म्हणजे २००. प्रत्येक ठोक्याला आधी एक टोकदार सुळका येतो, तेव्हा हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावतात, आणि थोड्या अंतराने एक गोलसर उंचवटा येतो, तेव्हा ते कप्पे विजेच्या हिशोबाने परत तयार होत असतात. सुळका सुरू झाल्यापासून तो गोल उंचवटा संपेपर्यंतचं अंतर म्हणजे क्यूटी. हे अंतर फार लांबलं तर तयारी पूर्ण व्हायच्या आत मधेच एखादा आगाऊ ठोका पडू शकतो आणि त्यातून एक विशिष्ट प्रकारची धोकादायक लय सुरू होऊ शकते, जिच्यात ईसीजीची रेघ पीळ दिल्यासारखी दिसते. देसर्तेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९६६ मध्ये तिचं वर्णन केलं आणि नाव दिलं तोर्साद द पोआँत. बऱ्याचदा ती आपोआप थांबते आणि माणसाला फक्त चक्कर येते किंवा शुद्ध हरपते, पण नाही थांबली तर जिवावर बेततं.

ठोके जलद असले की क्यूटी आपोआप आखूड होतो आणि सावकाश असले की लांबतो, म्हणून नुसत्या क्यूटीला अर्थ नाही, ठोक्यांच्या वेगाप्रमाणे दुरुस्त केलेला आकडा बघायचा, तो क्यूटीसी. ढोबळमानाने पुरुषांमध्ये ४५० मिलीसेकंदांपर्यंत आणि बायकांमध्ये ४६० पर्यंत ठीक धरतात, ५०० च्या वर गेला की डॉक्टर गंभीरपणे घेतात, आणि औषध सुरू करण्याआधीच्या आकड्यापेक्षा ६० ने वाढला तरीही. आता आधीचा आकडाच नसेल तर वाढला किती हे कुठून कळणार? आमची चिडचिड झाली ती इथे. गोळी सुरू करायच्या दिवशी दोन-तीनशे रुपयांचा एक ईसीजी काढला असता तर पुढची अर्धी धावपळ वाचली असती.

४८६ बघून मी रात्रभर नेटवर बसले. गोळी लगेच बंद करायची का इथपर्यंत विचार आला होता. बंद केली नाही ते बरं झालं कारण या गोळ्या एकदम थांबवल्या की गरगरणं, डोक्यात करंट लागल्यासारखं होणं, रडू येणं, चिडचिड असा सगळा वेगळाच तमाशा सुरू होतो, आणि मूळ आजार परत डोकं वर काढतो तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी हृदयरोगतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतली. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला, आणि पहिला प्रश्न केला, "काकू, हा काढायच्या आधी जिना चढून आला होता का?" आई म्हणाली "हो ना, लिफ्टच बंद होती मेली." त्यांनी ठोक्यांच्या आकड्यावर बोट ठेवलं, ९८. म्हणाले मशीन जे गणित वापरतं ते बॅझेटचं, १९२० सालचं, क्यूटीला ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळाने भागायचं, आणि ठोके जलद असले की ते गणित आकडा फुगवून दाखवतं. त्यांनी तिथेच कॅल्क्युलेटरवर घनमूळवालं दुसरं सूत्र लावलं, फ्रिडेरिशियाचं, तेही त्याच सुमाराचं, तर तेच ४८६ आलं ४४८. मग आईला बाहेर बाकावर अर्धा तास बसवलं, पाणी दिलं, परत ईसीजी काढला. ठोके ७४, मशीनचा आकडा ४६२. म्हणजे माझी झोप उडवणाऱ्या आकड्यातला बराच मोठा भाग नुसता जिन्याचा होता. पण उरलेलं ४६२ पण अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं, काठावरचं होतं, आणि ते कुठून आलं हे शोधायला त्यांनी जे केलं त्याबद्दल खरं तर मला हा रिव्ह्यू लिहावासा वाटला.

ते म्हणाले "काकूंच्या सगळ्या गोळ्या दाखवा. सगळ्या म्हणजे सगळ्या, पित्ताच्या, गॅसच्या, सर्दीच्या, आयुर्वेदिक, सगळ्या." मी पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. बीपीची गोळी, तिच्यात पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी एकत्र केलेली. कॅल्शियम. एसिटालोप्राम. आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची पित्ताची कॅप्सूल, जी आई किती वर्षं घेतेय तिलाच आठवत नाही, पूर्वी कधीतरी कुणी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती आणि मग केमिस्टकडून येतच राहिली. त्यांनी तीच उचलली. तिच्यात पॅन्टोप्राझोल असतं आणि सोबत ३० मिलिग्रॅम डोमपेरिडोन, हळूहळू सुटणारं. हे डोमपेरिडोन क्यूटी लांबवतं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्येच सांगितलंय की ते फक्त मळमळ-उलटीसाठी, दहा-दहा मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि शक्यतो आठवड्याच्या वर नको, आणि क्यूटी लांबवणाऱ्या दुसऱ्या औषधाबरोबर तर नकोच. अमेरिकेत या औषधाला मंजुरीच नाही. आणि आपल्याकडे ही कॅप्सूल माणसं चहाच्या आधीची पूजा असल्यासारखी वर्षानुवर्षं घेतात! आमच्या बिल्डिंगमध्ये विचारलं तर निम्म्या काका-काकूंकडे निघाली.

रक्त तपासलं तर पोटॅशियम ३.३. साडेतीनच्या खाली म्हणजे कमीच, आणि क्यूटी लांबलेले पेशंट असतील तर डॉक्टरांना ते चारच्या आसपास हवं असतं. पाण्याच्या गोळीने लघवीतून पोटॅशियम जातं. त्यात आईचं जेवण कमी झालेलं. आणि हृदयाच्या पेशी प्रत्येक ठोक्यानंतर परत तयार होतात त्या पोटॅशियम बाहेर सोडूनच, त्यासाठी पेशीच्या आवरणात ठरावीक दारं असतात, आणि एसिटालोप्राम काय, डोमपेरिडोन काय, ही औषधं नेमकी त्याच दारात उभी राहतात. ठाण्याला लोकलच्या दारात एकच जण उभा असला तर आपण सरकून उतरतो, चार जण बॅगा घेऊन उभे असले की गाडी मुलुंडला गेलेली असते. आईच्या बाबतीत दारात दोन औषधं आणि वर पोटॅशियमची कमतरता, शिवाय वय, शिवाय बाईमाणूस, बायकांमध्ये क्यूटी मुळातच थोडा लांब असतो आणि ही लय बिघडण्याचं प्रमाणही जास्त.

एकट्या एसिटालोप्रामचा वाटा किती असतो ते आकड्यात बघा म्हणजे उगाच घाबरायला नको. अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये सिटालोप्रामबद्दल इशारा दिला, ही एसिटालोप्रामची थोरली बहीण, डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीची, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असावीत अशा दोन रूपांचं मिश्रण, त्यातलं एकच रूप वेगळं काढलं की एसिटालोप्राम. सिटालोप्राम २० ला क्यूटी सरासरी साडेआठ मिलीसेकंद वाढतो, ६० ला साडेअठरा. म्हणून त्यांनी सांगितलं की ४० च्या वर कुणालाच नको, आणि पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, साठीच्या पुढच्यांना २० ची मर्यादा सांगितली. एसिटालोप्रामचा परिणाम त्याहून कमी, १० ला साधारण साडेचार मिलीसेकंद, ३० ला पावणेअकरा. साडेचार मिलीसेकंद म्हणजे ईसीजीच्या बारीकातल्या बारीक चौकोनाचा नववा हिस्सा, डोळ्यांनी दिसणारसुद्धा नाही. ब्रिटनच्या नियामकांनी मात्र २०११ च्या डिसेंबरमध्येच पासष्टीच्या पुढच्यांसाठी एसिटालोप्रामची कमाल मर्यादा १० केली. ही गोष्ट आपल्याकडे किती जणांना माहीत आहे देव जाणे, कारण आईच्या भजनी मंडळातल्या एक मावशी पंच्याहत्तरच्या आहेत आणि २० घेतायत, ईसीजी एकदाही नाही. मी त्यांना गोळी बदलायला सांगितलं नाही, फक्त पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा एवढं सांगितलं. तुम्हीही कुणाला परस्पर सांगू नका.

दुसरी बाजू पण सांगायला हवी, नाहीतर हाही फॉरवर्डच होईल. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांमधल्या नोंदी घेऊन २०१३ मध्ये एक मोठा अभ्यास आला, सिटालोप्राम घेणारे ६ लाखांहून जास्त लोक होते त्यात, आणि जास्त डोस घेणाऱ्यांमध्ये खालच्या कप्प्यांची लय बिघडण्याचं प्रमाण काही वाढलेलं दिसलं नाही. म्हणजे कागदावर क्यूटी थोडा लांबणं आणि प्रत्यक्षात काही होणं यात बरंच अंतर आहे. ज्यांना खरंच त्रास होतो त्यांच्यात बहुतेक वेळा बाकीच्या चार गोष्टी एकत्र आलेल्या असतात. आणि डिप्रेशन हेही हृदयाला वाईटच, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला डिप्रेशन असलं तर पुढचा धोका वाढतो हे कितीतरी वर्षांपासून माहीत आहे. त्यामुळे "मनाची गोळी नको, मन खंबीर करा" सांगणाऱ्या मामांना माझा साष्टांग नमस्कार.

आईच्या बाबतीत काय केलं तर डोमपेरिडोनवाली कॅप्सूल बंद, नुसती पॅन्टोप्राझोल गरज लागली तरच. इथे पण एक बारकावा आहे, पित्ताच्या गोळ्यांमध्ये ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल या दोन गोळ्या एसिटालोप्रामचं लिव्हरमध्ये होणारं पचन मंदावतात, त्यामुळे तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं, पॅन्टोप्राझोलचा तसा त्रास फारसा नाही. बीपीची गोळी बदलली, पोटॅशियमचं औषध काही दिवस दिलं (चव भयंकर, आईने नाक दाबून घेतलं). एसिटालोप्राम तशीच १० वर ठेवली. पुढच्या महिन्यात ईसीजी काढला, या वेळी लिफ्टवाल्या ठिकाणी, ठोके ७० आणि क्यूटीसी ४४१. धडधड बरीच कमी झाली पण अजूनही कधीकधी होते, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की धडधडीचा क्यूटीशी थेट संबंध नसतो, क्यूटी लांबलेला माणसाला कळतसुद्धा नाही, धडधड बऱ्याचदा काळजीची असते किंवा साधे एक्स्ट्रा ठोके असतात. अंधारी येणं मात्र त्यांनी जास्त मनावर घेतलं, उभं राहिल्यावर बीपी किती पडतं तेही मोजलं. सोबत सांगितलं की अचानक शुद्ध हरपली, विशेषतः धडधडीनंतर किंवा जिन्यात, चालताना, तर उद्या बघू म्हणायचं नाही, सरळ इमर्जन्सीत यायचं. आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही सांगायचं, कारण काही घराण्यांमध्ये क्यूटी जन्मतःच लांब असतो.

मग गोळी बदलली का नाही असं बऱ्याच जणांनी विचारलं. सायकियाट्रिस्टकडे (फॅमिली डॉक्टरांनीच नंतर पाठवलं, हे त्यांच्या बाजूने) हा प्रश्न मीही विचारला. त्या म्हणाल्या की दुसरी गोळी निवडायचीच असती तर सर्ट्रालिन, ती हृदयाच्या पेशंटमध्ये सगळ्यात जास्त तपासलेली, नुकताच अटॅक येऊन गेलेल्या लोकांवर तिचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ती सुरक्षित दिसली. पण जी गोळी लागू पडलीये, डोस कमी आहे, आकडा नीट आहे, ती उगाच का बदलायची. पटलं. जुन्या गोळ्यांमधली अमिट्रिप्टिलिन, जी आपल्याकडे मायग्रेन, कंबरदुखी, नसांचं दुखणं अशा कशाकशासाठी रात्रीची म्हणून दिली जाते, ती या बाबतीत एसिटालोप्रामपेक्षा जास्त जपून घ्यायची. ती नुसता क्यूटीच नाही, तो टोकदार सुळकासुद्धा रुंद करते, ठोके वाढवते, उभं राहिलं की बीपी पाडते, आणि जास्त गोळ्या पोटात गेल्या तर थेट जिवाशी खेळ. घरात लहान मुलं असतील किंवा कुणाच्या मनात स्वतःचं बरंवाईट करून घेण्याचे विचार येत असतील तर अशी औषधं डबाभर साठवून ठेवू नका. (टेली-मानस १४४१६, सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं.) व्हेनलाफॅक्सिन (हीही डिप्रेशनचीच गोळी) घेणाऱ्यांनी बीपीकडे लक्ष ठेवा एवढंच.

आता सगळ्यात जास्त ज्याची भीती वाटते ते सांगते. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या की आपल्याकडे ठरलेलं प्रिस्क्रिप्शन असतं, उलटी थांबायला ऑन्डॅनसेट्रॉन आणि वर एखादं अँटिबायोटिक, कधी अझिथ्रोमायसिन, कधी लेव्होफ्लॉक्सासिन. यातलं प्रत्येक क्यूटी लांबवतं, आणि जुलाबांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम दोन्ही खाली गेलेलं. म्हणजे ज्या दिवशी दारातली गर्दी सगळ्यात वाईट त्याच दिवशी आणखी दोघं चढतात. कोविडच्या पहिल्या लाटेत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिन एकत्र द्यायला लागले तेव्हा जगभर क्यूटी क्यूटी सुरू झालं होतं ते यामुळेच. मी आता आईच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये मागे एक चिठ्ठी ठेवलीये, एसिटालोप्राम १० चालू आहे, शेवटचा क्यूटीसी ४४१, आणि शेवटच्या ईसीजीचा फोटो फोनमध्ये. कुठल्याही नवीन डॉक्टरकडे गेलो की पहिल्यांदा ती चिठ्ठी. कुठली औषधं या यादीत आहेत ते बघायला क्रेडिबलमेड्स नावाची अमेरिकेतली ना-नफा संस्था यादी ठेवते, नोंदणी फुकट आहे, इंग्रजीत आहे पण औषधाचं मूळ नाव टाकलं की कळतं. एसिटालोप्राम, डोमपेरिडोन, ऑन्डॅनसेट्रॉन, अझिथ्रोमायसिन चारही पहिल्या गटात, म्हणजे धोका माहीत असलेला गट. यादी बघून घाबरायचं नाही आणि स्वतः गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना दाखवायची.

घड्याळवाल्यांसाठी एक ओळ, कारण माझ्या भावाने लगेच "आईला स्मार्टवॉच घेऊया, ईसीजी येतो त्यात" सुरू केलं. ते एकाच लीडचं, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणारं असतं, ठोके अनियमित आहेत का ते पकडायला ठीक, पण घड्याळाचं ॲप क्यूटी मोजून देत नाही, आणि पट्टीवर स्वतः चौकोन मोजत बसलात तर तो गोल उंचवटा नक्की कुठे संपतो यावर आपलं आपल्याशीच एकमत होत नाही. त्यापेक्षा तेवढ्या पैशात बारा लीडचे कितीतरी साधे ईसीजी निघतील. घरी येऊन ईसीजी काढणाऱ्या सर्व्हिसचा अनुभव चांगला आला, मुलगा वेळेवर आला, आईला आधी दहा मिनिटं पडून राहायला सांगितलं, कागदासोबत पीडीएफ पाठवली. जी सर्व्हिस नुसता मोबाइलवर काढलेला तिरका फोटो पाठवते आणि खाली "नॉर्मल" लिहिते ती घेऊ नका, आकडे वाचता आले पाहिजेत.

स्टार द्यायचे तर गोळीला पाचपैकी चार. एक कापला तो मळमळीसाठी, ठोक्यांसाठी नाही, कारण ठोक्यांच्या गोंधळात ती एकटी दोषी नव्हती. पित्ताच्या त्या कॅप्सूलला, निदान रोज आयुष्यभर घेण्यासाठी, शून्य. फॅमिली डॉक्टरांना अडीच, निदान बरोबर केलं, पुढे पाठवलंही, पण वय ६८, पाण्याची गोळी चालू, डोमपेरिडोन चालू, इतकं समोर असताना ईसीजी आणि पोटॅशियम सांगायला हवं होतं. तरुण, धडधाकट, बाकी काही औषध नसलेल्या माणसाला प्रत्येक वेळी ईसीजी लागतोच असं नाही हे हृदयवाल्या डॉक्टरांनीही सांगितलं, पण साठीच्या पुढे, हृदयाचा आजार, आधी कधी शुद्ध हरपलेली, पाण्याची गोळी किंवा दुसरी अशी औषधं, यातलं एक जरी असलं तर पहिल्या गोळीच्या आधी एक आणि डोस वाढवल्यावर एक काढून घ्या, शांत बसून, जिना न चढता. डॉक्टर स्वतःहून म्हणाले नाहीत तर तुम्ही म्हणा, अजून तरी कुणी त्याबद्दल रागावलेलं नाही.

आणि गोळीचा काही उलटा परिणाम झालाच तर तो कळवायला सरकारी टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा. पेशंट किंवा घरचे पण कळवू शकतात, डॉक्टरच हवा असं नाही. फोन करताना स्ट्रिप जवळ ठेवा, बॅच नंबर विचारला तर सांगता येईल, म्हणजे केमिस्टने तोही कात्रीने स्वतःकडे ठेवला नसेल तर.